शाश्वत भातशेती व ज्ञानप्रसार, कर्जत–खालापूर परिसरातील

जमिनीचा कस, पाणी व मनुष्यबळ यांचा ऱ्हास होऊ न देता वर्षानुवर्षे भाताचे पीक घेत राहण्याची विद्या आणि ती एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे, तसेच संशोधनकेंद्राकडून शेताकडे व शेताकडून केंद्राकडे पोहोचविण्याचे मार्ग, यांचा या विषयात अंतर्भाव होतो. सध्याच्या पिढीने आपल्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा आणू नये, ही शाश्वत विकासाची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे (१९८७) जगभर रूढ झाली. परंतु या कल्पनेची कसोटी अखेर विशिष्ट जमिनीवर व विशिष्ट पिकावर लागते. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) कर्जत व खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. शासकीय भात संशोधन, शेतकऱ्याने स्वतः केलेले प्रयोग, स्वयंसेवी कार्य आणि आदिवासींचे परंपरागत ज्ञान असे चार प्रवाह येथे लहानशा क्षेत्रात एकत्र आलेले दिसतात.

भूमी व हवामान : या परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारणतः ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. उल्हास नदी कर्जत तालुक्यातून व पाताळगंगा खालापूर तालुक्यातून वाहते. सखल भागात बांध घालून तयार केलेली भातखाचरे आणि डोंगरउताराची वरकस जमीन असे जमिनीचे दोन मुख्य प्रकार आहेत. खाचरांत भात आणि वरकस जमिनीवर नाचणी व वरी ही पिके घेतात. भात निघाल्यावर खाचरातील अंगओलीवर वाल, हरभरा इ. कडधान्ये घेण्याची जुनी वहिवाट आहे. येथील कडवा वाल प्रसिद्ध आहे. वालासाठी मशागत फारच थोडी करतात. ही गोष्ट पुढे वर्णिलेल्या विनानांगरट पद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाची होय.

पाणीपुरवठ्याच्या बाबतीत कर्जत तालुक्याला एक वेगळी सोय लाभली आहे. घाटमाथ्यावरील जलाशयांचे पाणी खाली सोडून वीजनिर्मिती करणारी टाटा समूहाची विद्युत्‌केंद्रे खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथे उभारण्यात आली. भिवपुरी केंद्रातून बाहेर पडणारे पाणी राजनाला कालव्याने शेतीला मिळत असल्याने कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भात पिकते. खोपोली केंद्राचे पाणी पाताळगंगेत जाते व त्या नदीकाठच्या उद्योगांना व वस्त्यांना त्याचा उपयोग होतो. कालव्याच्या टापूबाहेरील शेतकरी मात्र पावसावर व अंगओलीवरच अवलंबून असतो.

परंपरागत पद्धती : उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांचा पाला व फांद्या, गवत आणि माती यांचे थर रचून ते जाळतात, यास राब म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर या भाजलेल्या जमिनीत बी पेरतात. पुढे खाचरात पाणी साठवून चिखलणी करतात व तीन-चार आठवड्यांची रोपे उपटून त्यांची लावणी करतात. भाजणीमुळे तणांचे बी जळते, राखेतून पोषकद्रव्ये मिळतात व मातीच्या गुणधर्मांतही बदल होतो. त्यामुळे राबाची रोपे जोमदार येतात. राबासाठी जंगलातील फांद्या तोडण्याच्या हक्कावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी आणि वनखाते यांच्यात तीव्र वाद उद्‌भवला आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारने त्याच्या चौकशीसाठी वन आयोग नेमला. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी १९१२ मध्ये राब पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. शेतकऱ्याची वहिवाट ही केवळ रूढी न मानता तिच्यामागील कारण प्रयोगाने शोधावे, या दृष्टीचे ते एक आरंभीचे उदाहरण होय.

चिखलणीचे फायदे व तोटे दोन्ही आहेत. ओली माती वारंवार तुडविली गेल्याने तिच्यातील कणसमूह मोडतात, खाली घट्ट थर तयार होतो व पाणी खाचरात टिकून राहते. तणेही दडपली जातात. परंतु ऐन पावसात चिखल केल्याने गढूळ पाण्याबरोबर बारीक माती वाहून ओढ्यांत व नदीत जाते. भात निघाल्यावर हीच जमीन कडक होऊन भेगाळते आणि दुसरे पीक घेणे अवघड होते. पाण्याने भरलेल्या, हवाविरहित मातीत सेंद्रिय पदार्थ कुजून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापमानवाढीवरील परिणाम त्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक असतो. शिवाय नांगरणी, चिखलणी, रोपे काढणे व लावणी ही सर्व कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात. मुंबई व पुणे यांच्या दरम्यानचा लोहमार्ग आणि द्रुतगती महामार्ग या परिसरातून जात असल्याने तरुण मनुष्यबळ कारखाने, बांधकामे व नोकऱ्या यांकडे वळले आहे. लावणीला माणूस मिळेनासा झाला की शेत पडीक राहते, आणि पडीक शेताची विक्री होण्यास फारसा वेळ लागत नाही. येथे शेतीच्या शाश्वततेचा प्रश्न अशा रीतीने जमिनीच्या कसाइतकाच शेतकऱ्याच्या टिकून राहण्याचा आहे.

कर्जत संशोधन केंद्र : कर्जत येथे १९१९ मध्ये भात संशोधन केंद्र सुरू झाले. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९७२) ते विद्यापीठाकडे आले व आज ते प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते. झिनी, कोळंबा यांसारख्या स्थानिक भातांची निवड करण्यापासून संकरणाने नवे वाण काढण्यापर्यंत या केंद्राचे कार्य विस्तारत गेले. ‘कर्जत-१८४’ व ‘कर्जत-७’ हे हळवे वाण, ‘कर्जत-५’ हा निमगरवा वाण, तसेच ‘सह्याद्री’ मालिकेतील संकरित वाण या केंद्रातून प्रसृत झाले. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत हळवे आणि खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरांत गरवे भात लावावे, हा शेतकऱ्यांचा जुना दंडक आहे. वाणांचे कालावधीनुसार केलेले वर्गीकरणही त्याला धरूनच आहे.

बियाणे हे ज्ञानप्रसाराचे सर्वांत सुलभ साधन ठरले. संशोधकाने अनेक वर्षे केलेली निवड शेतकऱ्याला एका पिशवीतून मिळते आणि ती वापरण्यासाठी त्याला आपल्या पद्धतीत मोठा बदल करावा लागत नाही. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखून शेजाऱ्याला देऊ शकतो. संकरित बियाणे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. दोहोंच्या प्रसारात हा मूलभूत फरक आहे.

चारसूत्री पद्धत : वाणांबरोबर लागवडीच्या पद्धतीतही सुधारणा करण्याचे प्रयत्न झाले. त्यांपैकी कोकणात विशेष प्रसार पावलेली चारसूत्री पद्धत डॉ. नारायण सावंत यांनी प्रवर्तित केली. (१) भाताचा पेंढा, तूस यांसारख्या अवशेषांचा जमिनीत फेरवापर, (२) गिरिपुष्पाच्या पाल्याचे हिरवळीचे खत, (३) दोरीच्या साहाय्याने ठराविक अंतरावर नियंत्रित लावणी आणि (४) युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांच्या दाबून केलेल्या गोळ्या (ब्रिकेट) चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचणे, ही तिची चार सूत्रे होत. खत खोल पडल्याने ते वाहून जात नाही व वायुरूपाने उडत नाही. बांधावर गिरिपुष्प लावल्याने पाल्यासाठी जंगलावर भार पडत नाही. मात्र गोळ्या वेळेवर व जवळपास न मिळाल्यास चौथे सूत्र गळून पडते, आणि दोरीवरील लावणीला सवयीची माणसे लागतात. पद्धतीतील जे अंग शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती असते ते टिकते व जे पुरवठ्यावर अवलंबून असते ते प्रथम सुटते, असा सर्वसाधारण अनुभव येतो.

सगुणा भात तंत्र : कर्जत तालुक्यात नेरळजवळील सगुणा बाग येथे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी २०१० नंतरच्या काळात चिखलणी, रोपवाटिका व लावणी या तिन्ही गोष्टी वगळणारी लागवड पद्धत विकसित केली. ती ‘सगुणा राइस टेक्निक’ किंवा ‘एसआरटी’ या नावाने प्रसिद्ध आहे. तीत प्रथम एकदाच जमीन तयार करून सु. १ मी. रुंद माथ्याचे गादीवाफे व त्यांच्या दरम्यान चर काढतात. वाफ्यावर खुंट्या असलेला लोखंडी साचा दाबून २५ सेंमी. अंतरावर भोके पाडतात व प्रत्येक भोकात भाताचे तीन-चार दाणे थोड्या खतासह टोकतात. कापणी करताना रोप उपटत नाहीत. बुंधा व मुळे जमिनीतच राहू देतात. त्यानंतर त्याच वाफ्यांवर न नांगरता वाल, हरभरा, मका, भुईमूग यांसारखे पीक आणि पुढील पावसाळ्यात पुन्हा भात टोकतात.

या तंत्राचा गाभा जमिनीत राहणाऱ्या मुळांत आहे. मुळे जागच्या जागी कुजल्याने मातीत बारीक नलिका तयार होतात. त्यांतून हवा व पाणी खाली जाते. गांडुळे व सूक्ष्मजीव यांना अन्न मिळते, सेंद्रिय कर्ब वाढण्यास मदत होते आणि माती वाहून जाण्याचे प्रमाण घटते. लावणीचे श्रम वाचतात व रोप उपटण्याचा धक्का बसत नसल्याने पीक काही दिवस आधी तयार होते. चराने जादा पाणी निघून जाते आणि वाफ्याची माती हवायुक्त राहत असल्याने मिथेनची निर्मिती कमी होणे अपेक्षित असते.

मातीची कमीत कमी उलथापालथ, तिच्यावर सतत आच्छादन आणि पिकांची फेरपालट ही संवर्धनशील शेतीची तीन तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पुरस्कारिलेली आहेत. अमेरिकेत १९३०–४० या दशकातील धुळीच्या वादळांनंतर नांगरणीच्या उपयुक्ततेविषयी शंका घेतली जाऊ लागली व एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ मध्ये तिच्यावर ग्रंथरूपाने टीका केली. जपानमध्ये मासानोबु फुकुओका यांनी नांगरणीवाचून भात पिकविण्याचा प्रयोग अनेक वर्षे चालविला. कर्जतच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की अतिवृष्टीच्या प्रदेशातील लहान खाचरांसाठी तो आखलेला आहे आणि अंगओलीवर वाल घेण्याच्या स्थानिक वहिवाटीशी तो सहज जुळतो.

मर्यादा : चिखलणी वगळल्याने तणांचा प्रश्न उग्र होतो. त्यावर उपाय म्हणून प्रारंभी ऑक्सिफ्लोरफेन व कापणीनंतर बुंध्यांवर ग्लायफोसेट ही तणनाशके वापरण्यात आली. ग्लायफोसेट हे मानवात बहुधा कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये काढला. अन्य काही नियामक संस्थांचे मत त्याहून वेगळे आहे. भारतात केंद्र शासनाने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. माती वाचविणारी पद्धत रसायनावर विसंबावी, हा तिच्यातील अंतर्विरोध होय. आच्छादन, फेरपालट व वेळेवर केलेली निंदणी यांनी तणनाशकांची गरज कितपत कमी करता येते, यावर तिची दीर्घकालीन शाश्वतता अवलंबून राहील. यांशिवाय हवायुक्त जमिनीत लोहाची उपलब्धता घटून रोपे पिवळी पडण्याचा संभव असतो. फार खोलगट व पाणी तुंबणाऱ्या खाचरांना गादीवाफे मानवत नाहीत.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. लावणीचे वाचलेले श्रम ही जमीनधारकाची बचत असली, तरी लावणीची मजुरी हे भूमिहीन कुटुंबांचे, विशेषतः स्त्रियांचे, पावसाळ्यातील उत्पन्न असते. या परिसरातील कातकरी कुटुंबांपैकी बहुतेकांकडे जमीन नाही अथवा अत्यल्प आहे. पावसाळा संपताच वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्या यांवरील कामासाठी त्यांना स्थलांतर करावे लागते. रब्बी पिकांमुळे गावातच नवे काम निर्माण झाले तरच या तंत्राचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

आदिवासी ज्ञान व धान्यकोष : ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींना रानभाज्या, कंद, औषधी वनस्पती व स्थानिक भातवाण यांचे सूक्ष्म ज्ञान आहे. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या स्वयंसेवी संस्थेने स्थानिक भातांचे बियाणे जमविणे व जोपासणे, तसेच औषधी वनस्पतींची नोंद करणे ही कामे हाती घेतली. तिच्या कार्यात धान्यकोषांना विशेष स्थान आहे. आषाढ-श्रावणात घरातील धान्य संपले, की सावकाराकडून खावटी घ्यावी लागे व सुगीला ती सवाई-दिढीने फेडावी लागे. त्यामुळे नवे पीक घरात येताच त्याचा मोठा भाग निघून जाई. गावाने स्वतःचा धान्यसाठा करून गरजूंना अल्प वाढीने धान्य द्यावे व सुगीनंतर ते परत घ्यावे, ही धान्यकोषाची योजना होय. अशाच तत्त्वावर केंद्र शासनाने १९९६-९७ मध्ये ग्राम धान्यकोष योजना सुरू केली. धान्यकोषाचा ज्ञानाशी निकटचा संबंध आहे. पावसाळ्यात उपासमार झाली की बियाण्याचे धान्य खाल्ले जाते, आणि बियाणे गेले की त्या वाणाविषयीचे कुटुंबातील ज्ञानही काही वर्षांत लोप पावते.

डोंगरउताराचे ज्ञान : खाचरांची स्थिती वरच्या उतारांवर अवलंबून असते. उतारावरील झाडी टिकली तर पाणी जमिनीत मुरते व माती जागेवर राहते. माथेरानच्या भोवतालचा प्रदेश २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्यात या दोन तालुक्यांचाही काही भाग येतो. तथापि अधिसूचना व प्रत्यक्ष वस्तीवरील माहिती यांत मोठे अंतर राहते. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ रोजी रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत या वाडीचा समावेश नव्हता. कड्याखालील जमिनीला पडणाऱ्या भेगा, झऱ्याच्या पाण्याचा बदललेला रंग, झाडांचे कलणे इ. खुणांची नोंद वस्तीनेच ठेवणे आणि ती वेळीच तज्ञांपर्यंत पोहोचण्याची सोय असणे, हेही शाश्वत विकासाच्या ज्ञानव्यवहाराचे आवश्यक अंग आहे. केवळ वरून खाली येणाऱ्या माहितीने ते साधत नाही.

प्रसाराची साधने : शेतीविषयक ज्ञानाच्या प्रसारासाठी प्रात्यक्षिके, शिवारफेऱ्या, मेळावे, कृषी सहायकांच्या भेटी, कृषी खात्याचे शेतकरी हे मासिक, आकाशवाणी व दूरदर्शन यांवरील कार्यक्रम ही साधने दीर्घकाळ वापरात आहेत. २००४ मध्ये देशभर किसान कॉल सेंटरची दूरध्वनी सेवा सुरू झाली. पुढे भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहणे व पिकाचे छायाचित्र पाठवून सल्ला घेणे शक्य झाले. सगुणा तंत्राच्या प्रसारात या नव्या साधनांचा मोठा वाटा आहे. मराठवाडा व विदर्भात राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही विनानांगरट शेतीचा पुरस्कार करण्यात आला.

तथापि या साधनांची शक्ती सारखी नाही. लोखंडी साचा हा स्वतःच मापाचे ज्ञान वाहून नेतो. तो गावातील लोहाराला बनविता येतो व वापरणाऱ्याला अंतराचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. बियाण्याच्या पिशवीचेही तसेच आहे. चित्रफितीतून कृती दिसते. परंतु जमिनीत वाफसा आहे की नाही, कोणते तण कोवळे असतानाच काढले पाहिजे, औषधाची मात्रा कोठे थांबवावी, हा विवेक तिच्यातून येत नाही. त्यासाठी शेजारच्या शिवारातील किमान दोन-तीन हंगामांचा अनुभव पाहावा लागतो. पहिल्या वर्षी तणांनी पीक गेल्यास शेतकरी पद्धत सोडतो, आणि त्याचे अपयश कोणाच्याही नोंदीत येत नाही. यशाच्या कथा दूरवर जातात. अपयशाची कारणे बांधावरच राहतात. प्रसारयंत्रणेतील ही सर्वांत मोठी उणीव होय.

कर्जत–खालापूरच्या अनुभवावरून असे दिसते, की जे ज्ञान शेतात डोळ्यांनी पाहता येते, ज्याची साधने गावात मिळतात आणि ज्यातील चुका मोकळेपणाने सांगितल्या जातात ते टिकते. संशोधन केंद्राचे वाण, शेतकऱ्याचे विनानांगरट वाफे, धान्यकोषातील बियाणे व ठाकर-कातकऱ्यांची रानाची ओळख ही परस्परांना पूरक आहेत. शेतजमिनीची विक्री व पडीक क्षेत्र वाढत असताना त्यांचा मेळ घालण्यास मिळणारा अवधी मर्यादित आहे. कारण शेती सुटलेल्या कुटुंबात हे ज्ञान पुढील पिढीकडे जाण्याचा मार्गच खुंटतो.